आमच्या कडुलिंबाचा ओटा फोडला

मंडळी, आज सकाळी क्रांती चौकामागच्या आमच्या गल्लीत पाच-सहा पोरं-पोरी पहारी घेऊन आली आणि थेट कडुलिंबापाशी थांबली. त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा आहे. मी रोज तिथं बसून शाळेतल्या कविता चालीवर म्हणतो.

"आजोबा, उठा. हा ओटा फोडायचाय," एक मुलगी म्हणाली.

उठायचं सोडून मी मांडी घालून बसलो. गल्लीत गाड्या लावायला जागा नाही. आज ओटा, उद्या झाड आणि परवा तिथं कुणाची तरी गाडी!

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाय. आम्ही पलीकडच्या गल्लीतलेच. ऊन दरसाल वाढतंय अन् सिमेंटमुळं मुळांना पाणीच मिळत नाय. झाडं वाळली तर सावली कुठून आणायची?"

"यात तुमचा काय फायदा?"

"आजोबा, एवढी चौकशी तर सोयरीक जमवताना बी करत नाय कोणी!"

सगळी हसली. मलाही हसू आलं, म्हणून उठलो.

सिमेंट फुटलं तशी आत दबलेली मुळं दिसली. आमच्या कवितेच्या पुस्तकातल्या झाडांना कुणी असं जखडलं नव्हतं हो. मुलीनं बादलीभर पाणी ओतलं, ते मातीनं क्षणात पिऊन टाकलं.

तरी शंका जात नाही. झाड पाडणारेही आधी मुळंच मोकळी करतात ना? दुपारपासून मी खुर्ची टाकून झाडाशेजारीच बसलोय.

तुमच्याकडं अशी पोरं आली होती का? ती गेल्यावर झाडं उभी राहिली का, तेवढं खरं सांगा.