हलकंय, फेकून द्या

२०२२ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शेजारच्या घरात नवीन राहायला आलेला माणूस नळाला पाणी कधी येतं ते विचारायला माझ्या दारात आला आणि बोलता बोलता त्यानं भिंतीला लावलेला माझ्या मोबाईलचा चार्जर उपसला. तळहातावर ठेवला, डोळे मिटले, हात जरा खालीवर केला आणि म्हणाला, "हलकंय. फेकून द्या."

ओळख ना पाळख. मी म्हटलं, "चार्जर माझा हाय. मी फेकीन न्हाईतर त्याची पूजा करीन."

"करा पूजा. पण आग लागली तर माझ्याबी घराला लागंल. भिंत एकच हाय आपली."

संध्याकाळी तो दुसरा चार्जर घेऊन आला. जुना, काळा, विटेच्या तुकड्यासारखा जड. तो आजही चालतो.

त्याचं लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बायको वारली तसं दुकान दुसऱ्याला दिलं. मुलगी तिथंच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, पण हा तिच्याकडं न राहता नांदेडला आला. का, असं विचारलं तर म्हणाला, "सगळा जन्म टँकरची वाट बघितली. म्हटलं आता नदीच्या गावात राहून बघावं." इथंही नळ रोज येत नाही हे मी सांगितलं तेव्हा तो तडक पाण्याचं पिंप आणायला बाजारात गेला. मी त्याला लातूरकर म्हणायला लागलो, तो मला ड्रायव्हरसाहेब.

ड्रायव्हर मी होतोच. शाळा तिसरीपर्यंत. बाकीचं वाचन मैलाच्या दगडांवर झालं. जन्मभर ट्रक चालवला. माहूरचा घाट पावसात उतरलो, हैदराबादच्या गर्दीत माल रिकामा केला. गाडी कधी उलटली नाही. हे ठळक सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचं काम आहे.

तो शेजारी आला त्याच वर्षी माझं लायसन गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. मी म्हटलं, मला अक्षरं काय दाखवता, समोरून येणारी गाडी दाखवा. त्यांनी काही दाखवली नाही. मुलगा हैदराबादहून फोनवर म्हणाला, "बाबा, आता तुमचा पाय उशिरा पडतो. बास करा." त्या दिवसापासून मी ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघत होतो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल एक मत असतं. लातूरकराचं सगळं मत वजनावर होतं. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा जड पाहिजे. माउस जड पाहिजे. "खऱ्या मालात तांबं असतं, लोखंड असतं. खोट्या मालात कंपनी नुसती हवा भरून देती." ज्या मोबाईलची बॅटरी आपल्याला काढता येत नाही तो मोबाईल आपला नाही, असं त्याचं म्हणणं. लॅपटॉपला तो डिंकाचा लाडू म्हणायचा, कारण आत सगळं चिकटवलेलं. कॉम्प्युटरची मेमरी महागली की एआयवाल्या मोठ्या कंपन्यांच्या नावानं बोटं मोडायचा. "मशीनला शहाणं करायला सगळा माल उचलून नेला भाड्यांनी. आन शहाणं झालं तरी पंख्यातली धूळ कोण काढंल? पुन्हा मीच."

त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत टेबलावर असायचा, एका बाजूचं झाकण कायम काढलेलं. आतल्या तारा, पंखे, सगळं उघडं. उन्हाळ्यात तो कूलर लावायचा नाही. ओलाव्यानं मशीन खराब होतं म्हणे. टेबलफॅन होता, त्याचं तोंड कॉम्प्युटरकडं. आपण घामानं भिजायचं आणि मशीन गारगार.

"माणसाला पुसता येतं, ड्रायव्हरसाहेब. मशीनला घाम आला की मेलं."

एकदा तो लातूरला मुलीकडं जाऊन आला तो एक मोठी पिशवी घेऊन. पिशवीतून स्टिअरिंग निघालं. खरं, गोल, कातडं चढवलेलं. खाली पायाला एका पट्टीवर क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर.

"लातुरात पोरगं क्लासला टाकलं की आईबाप घरातला गेम आधी विकतेत. स्वस्तात मिळालं. हातात धरून बघा, किती जड हाय."

मी म्हटलं, "लेकरांचा खेळ हाय. मी न्हाई."

"बसून तर बघा. लायसन मागणार न्हाई मी."

बसलो. समोर पडद्यावर ट्रकची काच, आरसे, पुढं रस्ता. परदेशातला रस्ता तो, ना खड्डा ना म्हैस. हॉर्न दिला तरी कुणी वळून बघत नाही. मी म्हटलं, असल्या रस्त्यावर ड्रायव्हर एकटेपणानंच मरंल. मग त्यानं कुठूनतरी आपल्याकडचे रस्ते शोधून त्यात टाकले. घाट आला, धाबा आला, उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल आली. डिझेलचा वास तेवढा नव्हता. पण हात स्टिअरिंगवर ठेवला की खांद्यापर्यंत काहीतरी जागं व्हायचं.

रोज दुपारचा चहा झाला की आम्ही निघायचो. तो डाव्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर, क्लीनर म्हणून. गाडी मागं घ्यायची असली की ओरडायचा, "यू द्या, यू द्या... बास!" आणि निघायचं असलं की टेबलावर दोन थापा मारायचा. क्लीनर लोक गाडीच्या पत्र्यावर मारतात तशा. दोन थापा म्हणजे चल. हे मीच त्याला शिकवलं होतं. घरात बसून आम्ही किती मुलूख फिरलो असू! त्यातच कधीतरी आम्ही तुम्हीवरून तूवर आलो.

त्याच्या घरातलं वायफाय त्यानं माझ्या मोबाईलला जोडून दिलं होतं, मला कीर्तनं बघायला. पासवर्ड माझ्या ट्रकचा नंबर ठेवला, म्हणजे मी विसरणार नाही. वायफायचं नाव त्यानं मराठीत टाकलं, 'लातूरकर'. मी म्हटलं, एवढंच कामून? पूर्ण नाव-गाव टाक की. तर म्हणाला, "मराठीला जागा कमी असती त्याच्यात. दहाएक अक्षरं मांडली की संपलं. कंपन्यांनी आपल्याला इथंबी कोपऱ्यातच बसवलंय."

दिवाळीत त्याच्याकडं लातूरहून दुकानातले दोन जुने सोबती आले. त्यानं मला बोलावून घेतलं. "हे आमचे ड्रायव्हरसाहेब. आख्ख्या जिंदगीत गाडी उलटली न्हाई. बसा साहेब, दाखवा यांना घाट."

बसलो. घाट उतरत होतो. वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. कठडा तोडून खाली गेली. पडद्यावर आभाळ खाली आणि चाकं वर.

पाहुणे हसले. त्यांचं मला काही नाही. पण लातूरकर सगळ्यात जास्त हसला.

मी म्हटलं, "ब्रेक धरत न्हाई तुझा."

"ब्रेक चांगला हाय. मी कालच तपासलाय."

"मी सांगून राहिलो न, धरत न्हाई."

तो डोळे पुसत म्हणाला, "हार्डवेअर खोटं बोलत न्हाई गड्या. माणूस बोलतो. तुझा पाय उशिरा पडला."

हेच माझा मुलगा बोलला होता. मी उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो. तो मागून "अरे, चिवडा तर खा" म्हणत होता. मी दार लावून घेतलं.

मग आमचं बोलणं बंद झालं. मी जाणार नव्हतो आणि त्यालाही दाराशी येऊन चूक झाली म्हणता येत नव्हतं, कारण त्याच्या हिशेबानं चूक झालीच नव्हती. त्याला खोटं बोलायला जमत नसे. ओट्यावर मी असलो की तो आत जायचा, तो असला की मी. भिंतीपलीकडून त्याचा खोकला मात्र ऐकू यायचा.

काही दिवसांनी माझं कीर्तन मध्येच बंद पडलं. वायफाय गेलं. यादी उघडून बघितली तर 'लातूरकर' नाव नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, 'चहा टाकला'.

नाव बदललं की मोबाईल आपोआप जोडला जात नाही, पुन्हा नंबर टाकावा लागतो. आणि कोण जोडलं गेलं ते त्याला तिकडं दिसायचं, हे त्यानंच मला सांगितलेलं. म्हणजे मी वाचलं की त्याला कळणार. मी माझ्या गाडीचा नंबर टाकला, जोडला गेलो आणि कीर्तनाचा आवाज त्याला ऐकू जाईल इतका मोठा केला. गेलो नाही.

पुढं आठवड्या-दोन आठवड्यांनी नाव बदलायचं. 'रागावला?' संक्रांतीला 'तिळगुळ घे'. उन्हं तापली तेव्हा 'कूलर लाव'. मी प्रत्येक वेळी नंबर टाकायचो. खरं सांगायचं तर सकाळी उठलो की आधी ती यादी बघायचो. माझ्या घरी दुसरं कुणी बोलणारं नव्हतं. हैदराबादचा फोन रविवारी. पण जायचं कशाला? ब्रेक खराब आहे एवढं त्यानं म्हणावं, आणि मी जातो. माझा मुद्दा सरळ होता.

एकदा 'चहा गार झाला' आलं, ते बरेच दिवस तसंच राहिलं. खोकला वाढला होता.

आणि मग एका दुपारी कीर्तन बंद पडलं. यादी उघडली. 'ब्रेक खराब'.

मी ते दोनदा वाचलं. नंबर टाकला. आवाज वाढवला नाही. त्याच पायी उठून गेलो असतो तर त्याला वाटलं असतं की मी वाटच बघत होतो. म्हटलं, उद्या सकाळी जाऊ, दाढी करून, माणसासारखं.

सकाळी दाढीचा साबण तोंडाला लावला होता तेव्हा दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. बाहेर आलो तर त्याची मुलगी लातूरहून आली होती. त्याला दंडाला धरून मागच्या सीटवर बसवत होती. रात्रीपासून दम लागला होता म्हणाली. लातूरला दवाखान्यात नेते, चार दिवसांत आणते. मी पायरीवर उभा, अर्धं तोंड पांढरं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला हसू आल्यासारखं वाटलं. बोलायला दम नव्हता. मुलीनं गाडी चालू केली तसा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी गेली. जाताना मुलीनं घरातली वीज बंद केली होती. मोबाईलवरच्या यादीत गल्लीतली बाकीची नावं होती, सगळी इंग्रजी.

चार दिवसांत तो आला नाही. आलाच नाही. लातूरहून मुलीचाच फोन आला. मी बसनं गेलो, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिथल्या मंडपात मला कुणी ओळखत नव्हतं. एकानं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारी.

तेरावा झाल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. मोबाईल हातात होता, कीर्तन बघायचं मी सोडलं होतं. अचानक वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली. मी कुठंही बोट लावलं नव्हतं. उघडून बघितलं. आपोआप जोडलं गेलं होतं. 'ब्रेक खराब'.

मी उठून त्याच्या दाराकडं बघितलं, कुलूप निघालेलं होतं. मग कळलं, मुलगी घर आवरायला आली आहे आणि तिनं वीज चालू केली आहे.

या वेळी मी चपला न घालताच गेलो. ती खोक्यांत सामान भरत होती. कॉम्प्युटर चालू होता, त्यातलं काहीतरी ती काढून घेत होती. स्टिअरिंग टेबलालाच होतं. मी म्हटलं, "बाई, तेवढा ब्रेक खराब हाय त्याचा. कुणाला देशील तर सांगून दे."

"खराब? बाबा खराब वस्तू घरात ठेवतील का, काका?" ती खुर्चीवर बसली, गेम चालू केला, गाडी उतारावर घेतली आणि ब्रेक दाबला. ट्रक जागच्या जागी उभा राहिला. पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला. पुन्हा उभा. "एकदम ओके आहे. तुम्हाला कोण म्हणालं?"

"त्यानंच."

"बाबा? असं म्हणाले?" तिनं ब्रेक अजून एकदा दाबून बघितला.

मी टेबलाच्या बाजूला बघितलं. डावीकडची प्लास्टिकची खुर्ची तिनं इतर खुर्च्यांत रचून ठेवली होती. मी निघताना तिनं स्टिअरिंग आणि पायाची पट्टी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मी न्हाई म्हटलं. मग घेतली.

आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो की ब्रेक खराब होता. कॉम्प्युटरमधलं आख्ख्या लातुरात ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, त्यानं स्वतः लिहिलं होतं.

पिशवी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत ती पिशवी उघडली. पायाची पट्टी बाहेर काढली, धूळ पुसली आणि तळहातावर घेतली. डोळे मिटले. हात जरा खालीवर केला.

चांगली जड होती.