कापसाचे ग्लोव्हज

मेहरूणच्या तळ्याकडे जाताना एक व्यायामशाळा होती. व्यायामशाळा कसली, पत्र्याची शेड आणि पुढे लिंबाचं झाड. झाडाला भुसा आणि चिंध्या भरलेलं पोतं टांगलेलं. फौजेतून निवृत्त झालेले एक आबा आम्हांला तिथे बॉक्सिंग शिकवत. पासष्टची लढाई नुकतीच झाली होती, जो तो भरतीच्या गोष्टी करत होता. माझा दोस्त तर त्यासाठी वेडाच झाला होता. तो सावद्याचा, घरी केळीची शेती, जळगावला शिकायला माझ्या खोलीवर राहायचा. धुळ्याला लष्कराची भरती निघणार होती आणि त्याला तिथे पास व्हायचंच होतं. मला मात्र फौजेत जायचं नव्हतं. मला नुसती मस्ती होती.

आबांकडे ग्लोव्हजचे तीन जोड होते. एक पातळ, पोत्यावर मारायला. दोन जाड, समोरासमोर खेळायला. पोत्याचे माणसाला नाहीत आणि माणसाचे पोत्याला नाहीत, एवढाच त्यांचा कायदा. दुसरी एक सवय त्यांनी लावली होती. खेळायच्या आधी ग्लोव्हज घालून स्वतःच्याच गालावर दोन ठोसे मारून बघायचे. गाल चुरचुरला की ते काढून खुंटीला लावायचे. आम्ही हसायचो, पण मारून घ्यायचो.

एकदा जाड जोडांपैकी एकाला उंदरांनी भोकं पाडली. आतून काळे राठ केस बाहेर आले. घोड्याचे केस, आबा म्हणाले. मला शिसारीच आली. आबा तेव्हा लेकीकडे दोंडाईच्याला निघाले होते, म्हणाले, आल्यावर बघू. पण मला कुठला दम! माझे वडील जिनिंगमध्ये नोकरीला. कापसाच्या मुलखात राहून घोड्याचे केस कशाला, म्हणून मी तो जोड उचलला आणि पिंजाऱ्याकडे नेला. तो हसायला लागला, "गादी बनाऊ के तकिया?" मी म्हटलं, "ठासून भरा चाचा, काही बनवा." त्याने पांढराशुभ्र कापूस पिंजून भरला, मोच्याकडून मी वर टाके घालून घेतले. काय दिसत होते! टम्म फुगलेले, हात घातला की सुख वाटायचं. सगळ्यांना दाखवत सुटलो.

आणि मग गाढवपणा केला. इतके छान ग्लोव्हज खुंटीला कशाला ठेवायचे, म्हणून रोज पोत्यावर तेच वापरले. महिनाभर. घामाने भिजायचे, उन्हात वाळायचे, पुन्हा भिजायचे. आमच्या घरी दर दिवाळीआधी गाद्या उसवून कापूस पुन्हा पिंजून घेत. गादी दबून दगड होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कापसावर आमचं घर चालायचं, आणि मला एवढं सुचू नये?

भरतीला पंधरा दिवस राहिले होते. दोस्त म्हणाला, चल, थोडं खेळू, सवय मोडायला नको. आबा अजून दोंडाईच्यालाच. दोस्ताने माझ्या नव्या जोडाला हात घातला. मी म्हटलं, "ए, ठेव! मी बनवून घेतलाय, मीच घालणार." त्याने मुकाट्याने घोड्याच्या केसांचा मळका, लिबलिबीत जोड घेतला. घालून स्वतःच्या गालावर दोन मारले आणि माझ्याकडे बघितलं. मी मारले नाहीत. माझ्या ग्लोव्हजला तपासायची काय गरज, असला माज.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्याचा हात खाली आला आणि माझा उजवा त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. आवाज वेगळाच आला. तो खाली बसला, "काही नाही रे, काही नाही" म्हणत राहिला. मी ग्लोव्हज काढून अंगठ्याने दाबून पाहिले तेव्हा कळलं. आतल्या कापसाचा नुसता गोळा झाला होता, कडक.

डोळा सुजला. दवाखान्यात मलम दिलं. सूज उतरली आणि आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की बरं झालं. त्या बाजूने धुरकट दिसतं, असं तो एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, "जाईल ते, भरतीचं बघ."

धुळ्याला मी सोबत गेलो. धावण्यात तो पुढे, छातीत पास, वजनात पास. डोळ्यांच्या तपासणीला मी दारातच उभा होतो. डॉक्टरांनी त्याच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि वाच म्हणाले. तो वाचेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, पाटी कुठे आहे?"

बाहेर आल्यावर म्हणाला, "डोळ्याच्या आतला पडदा सुटला म्हणतात." मग आम्ही एसटीची वाट बघत उभे राहिलो. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

मी त्याला सावद्याला पोचवायला गेलो. आज त्याच्या आईला सगळं सांगायचं, असं मी वाटेत पक्कं केलं होतं. पण मी चप्पल काढतोय तोवरच तो आईला म्हणाला, "सायकलवरून पडलो, डावा डोळा गेला. यानंच दवाखान्यात नेलं, धुळ्यालेबी हाच संगं होता."

ती बाई ते ऐकून मटकन खाली बसली, रडली. मग उठून माझ्याकडे आली. माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "तू व्हता म्हनून रे बाबू," म्हणाली, "नाही तं माह्या पोराले कोन पाहतं?"

मी तोंड उघडलं. दोस्त म्हणाला, "जेव आधी." तिने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. मी जेवलो. ती आग्रह करत राहिली आणि मी आणखी एक भाकरी घेतली.

पुढे ती बरीच वर्षं जगली. मी जायचो तेव्हा ती दरवेळी माझी दृष्ट काढायची, आणि मी काढू द्यायचो.