जमनक्कांनी घातलेलं मीठ

जमनक्का राजाजीनगरहून दोन मेट्रो करून महादेवपुऱ्यात येतात, तरी आमच्या प्रयोगशाळेत रोज माझ्याआधी पोचलेल्या असतात. वय अठ्ठावन्न. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आले. घरी मराठी बोलतात, पण लिहितात कन्नड अक्षरांत. बाटल्यांवरच्या त्यांच्या चिठ्ठ्या मला वाचता येत नाहीत. काचेची भांडी धुणं आणि जिवाणूंचं खाद्य तयार करणं हे त्यांचं काम. खाद्याला त्या ‘स्वयंपाक’ म्हणतात.

आम्ही जिवाणूंकडून प्लास्टिक करून घेतो. पहिल्या दिवशी वाढू दिलं, दुसऱ्या दिवशी पुष्कळ साखर दिली आणि नायट्रोजन तोडला की त्यांची वाढ थांबते. मग ते साखर वाया न घालवता साठवतात. पेशीतलं एक एन्झाइम बारीक बारीक तुकडे जोडून लांब साखळी करतं आणि पेशी पांढऱ्या कणांनी भरून जाते. ते कण म्हणजे मातीत कुजून जाणारं प्लास्टिक. हे एन्झाइम जास्त वेगानं चालावं म्हणून मी दोन वर्षं त्यात बदल करत होते.

आणि ते चालतच नव्हतं. सलग तीन वेळा जिवाणू मजेत वाढले, पण रंग घालून सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली पाहिलं तर सगळं काळं. प्लास्टिक असतं तर नारिंगी चमकलं असतं. आमचे प्रमुख शार्दूल सर म्हणाले, “सुखदा, शुक्रवारी ठरवू. नाहीतर हा नवा वाण बंद, आपण जुन्यावर परत जाऊ.”

गुरुवारी दुपारी भांडी धुण्याच्या सिंकपाशी चहा घेत मी जमनक्कांजवळ रडगाणं गायलं.

“उपाशी ठेवूनसुद्धा साठवत नाहीत, जमनक्का.”

“उपाशी? तू यांना उपाशी ठेवतेस?”

“दुसऱ्या दिवशीच्या खाद्यात अमोनियमचं मीठ नसतं ना. नायट्रोजन त्यातूनच मिळतो. म्हणूनच तर ते साठवतात.”

त्यांचा कप हातातच राहिला. “ते पांढरं मीठ... मुद्दाम नाही?”

“मुद्दाम.”

“सरी... बरं,” म्हणाल्या आणि पाठ फिरवून बाटल्या घासू लागल्या. मला वाटलं, माझ्या रडगाण्याला कंटाळल्या.

शुक्रवारी बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. जमनक्का ओल्या हातमोज्यांनीच दारात उभ्या राहिल्या. त्यांचा वर्षाचा करार त्याच महिन्यात संपणार होता. भांडी धुणारं यंत्र घ्यायचं का, ही चर्चा त्यांच्या कानावर होती.

“शार्दूल अण्णा, स्वल्प ऐका. मीठ मी घातलं.”

“कसलं मीठ?”

“हिच्या स्वयंपाकाच्या कागदावर दुसऱ्या दिवसाला ते नव्हतं. वाटलं, पोरगी विसरली. आधीच तुम्ही रागावलेले. कागद परत नेला असता तर हिला आणखी बोलणी. म्हणून गुपचूप घातलं. तिन्ही वेळा.”

माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. पोट भरलेले जिवाणू साठवतील कशाला?

“तीन आठवडे गेले, अक्का,” शार्दूल सर म्हणाले.

“हो.”

“तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं.”

“मला कळलं होतं की, अण्णा. हिची दोन वर्षं मी कुठं धुवून टाकू?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “सोमवारी पुन्हा करून बघा. स्वयंपाक तुम्हीच करायचा.”

सोमवारी साखर मोजून झाल्यावर त्यांचा हात सवयीनं मिठाच्या बाटलीकडे गेला. मग ती बाटली उचलून त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, स्टुलावर चढून. “जवळ असली की हात जातो,” म्हणाल्या.

गुरुवारी मी दिवा लावला आणि आधी त्यांनाच बघायला लावलं. एक डोळा मिटून त्या बराच वेळ वाकून राहिल्या. काळ्यात नारिंगी ठिपके, ठासून भरलेले.

“अय्यो! पोटात अन्न नाही आणि घरात दिवाळी!”

“तुमच्यामुळे, जमनक्का.”

“माझ्यामुळे तीन आठवडे अंधार होता, तेही सांग,” म्हणाल्या आणि पदरानं डोळा पुसला. दिव्यानं पाणी आलं म्हणे.

यंत्र पुढच्या महिन्यात आलं, पण कराराचा कागदही आला. धुणं यंत्राकडे, स्वयंपाक जमनक्कांकडे. त्यांनी कन्नडमध्ये सही केली.

त्याच दिवशी भिंतीवरच्या माझ्या कागदाखाली लाल शाईची एक नवी ओळ दिसली, कन्नड अक्षरांत. मी त्यांनाच वाचायला सांगितलं. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी वाचलं,

“इथं मीठ नाही. पोरगी विसरलेली नाही.”