नांगराचा रहाट आणि माझे आठ दिवस

पुण्यात राहून होडी बाळगणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर माझा नवरा. शनिवार पेठेत स्कूटर लावायची पंचाईत, आणि या गृहस्थांनी निवृत्तीनंतर शिडाची एक जुनी होडी विकत घेऊन कोकणातल्या एका खाडीत नेऊन बांधली. महिन्यातून दोनदा स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडायची, दोन दिवस वाऱ्यावर हिंडायचं आणि काळेठिक्कर होऊन परत यायचं. मी त्या होडीला ‘सवत’ म्हणायचे, त्यांच्या तोंडावर. ते ऐकून घ्यायचे आणि सवतीला यंदा कुठला रंग लावू, असं वर मलाच विचारायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अजून पहाटे जाग आली की थर्मास भरायला उठते, आणि ओट्यापाशी गेल्यावर आठवतं.

ही हकीकत त्याच्या चार-पाच वर्षं आधीची. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, ‘जड काही ओढायचं-उचलायचं नाही.’ होडीचा नांगर साखळीसकट सहज तीस किलो भरला असता. तो आजवर ते हातांनी वर ओढत आले होते, ते आता संपलं. आशा एकच होती. होडीच्या पुढच्या टोकाला हातानं चालवायचा एक रहाट बसवलेला होता. दांडा मागेपुढे केला की दातेरी चाक फिरतं आणि साखळी कडीकडीनं वर येते. ती परत मागे सुटू नये म्हणून एक छोटी खिट्टी दात्यात अडकते, आणि त्या खिट्टीला दाबून धरते एक नखाएवढी स्प्रिंग. हे सगळं मला पाठ झालं होतं, इतक्या वेळा ऐकलं होतं. पण अंगात जोर होता तोवर त्यांनी त्या रहाटाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. खाऱ्या हवेनं तो पार जाम झाला होता.

मी अट घातली. ‘रहाट चालला तर जा. नाही चालला तर होडी विकायची. कबूल?’

‘कबूल,’ ते म्हणाले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची!

खाडीवरच्या ओळखीच्या माणसांनी रहाट उतरवून, गोणपाटात गुंडाळून एसटीत चढवून दिला. स्वारगेटला रिक्षावाल्यानं तो उचलताना विचारलं, ‘काका, रसवंतीचं मशीन का?’ यांनी गंभीरपणे सांगितलं, ‘हो. समुद्राचा रस काढतो.’

घरी आल्यावर मी म्हटलं, ‘अहो, नवीनच मागवा की सरळ.’

‘जुनं झालं म्हणून कुणी बदलतं का?’

‘सोय असती तर मी केव्हाच बदललं असतं,’ मी म्हटलं.

मग आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा कारखाना झाला. जन्म सगळा कंपनीच्या टूलरूममध्ये, हत्यारं-सुटे भाग घडवण्यात गेलेला माणूस. खाली वर्तमानपत्र अंथरायचं, सुटा केलेला प्रत्येक भाग ओळीनं मांडायचा आणि प्रत्येकाशेजारी पेन्सिलीनं आकडा लिहायचा, ही त्यांची पद्धत. नोकरीत एक वॉशर कधी हरवला नाही, हे ते पाहुण्यांनाही ऐकवायचे. माझ्या जुन्या इडलीपात्रात डिझेल ओतून त्यात रहाटाचा आस भिजत घातला. मग उकळतं पाणी ओतायचं, लाकडी ठोकळा धरायचा आणि ठोकायचं. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात चिठ्ठी लावली, ‘दुपारी एक ते चार ठोकाठोक करू नये. ही इमारत आहे, बंदर नव्हे.’ यांनी खाली लिहिलं, ‘आभारी आहे. आमची भरती साडेचारला.’

पाचव्या दिवशी आस सुटला. ‘आला गं, आला!’ असे ओरडले की मला वाटलं कुणी पाहुणाच आला. आसाभोवतीची झिजलेली पितळी बुश त्यांनी लेथवाल्याकडून नवी करून आणली. हा रहाट चालणार, हे मला स्वच्छ दिसायला लागलं. म्हणजे हा माणूस पुन्हा एकटा पाण्यावर जाणार, टाके उसवून घेणार, आणि मला फोन येणार. कुठून, कुणाचा, तेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना मी गॅलरी झाडत होते. वर्तमानपत्राचा कोपरा वाऱ्यानं उलटला होता आणि सुपलीत केराबरोबर ती स्प्रिंग आली. अकरा नंबर. मी ती उचलली. जागेवर ठेवायला हात पुढे केलासुद्धा. आणि आत जाऊन मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत खुपसून टाकली.

ते आंघोळ करून आले, ओळ मोजली आणि थांबले. मग शोध सुरू झाला. गॅलरी, मोरी, पायपुसण्याखाली, कुंड्यांमधली मातीसुद्धा चाळून झाली. मला विचारलं, ‘तू पाहिलीस का गं?’

‘मला काय कळतंय त्यातलं,’ मी म्हटलं आणि त्याच डब्यातल्या मोहरीची फोडणी केली. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, पण होडी जाणार याचा आनंद तिच्यापेक्षा मोठा होता.

मग त्यांनी नवीन स्प्रिंग करायला घेतली. न गंजणारी तार आणली, चिमटा घेतला. पहिली ढिली झाली. दुसरीही ढिली झाली. खिट्टी नुसती दात्यांवरून घसरत होती. तिसरीच्या वेळी मी दारातून पाहिलं, तार चिमट्यातून पुन्हा पुन्हा निसटत होती. लेथवाल्याकडून करून घ्या म्हटलं, तर म्हणाले, ‘स्प्रिंग वळता येत नाही हे त्याला जाऊन सांगू?’

स्प्रिंग हरवल्याच्या आठव्या दिवशी त्यांनी सगळे भाग गोणपाटात भरले. मित्राला फोन केला, ‘होडीला गिऱ्हाईक बघ.’ मला जे हवं होतं तेच घडत होतं. फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बघत राहिले.

‘एवढ्याशा वस्तूवर लक्ष राहिलं नाही,’ म्हणाले. ‘आणि केली तर जमली नाही. हात गेले माझे.’

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासमोर कधी असा बसला नव्हता. त्यांचे वडील गेले तेव्हाही नाही. मी तडक आत गेले, मोहरीत बोटं घातली आणि ती स्प्रिंग आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. एक मोहरीचा दाणाही चिकटून आला होता.

‘माझ्याकडे होती,’ मी म्हटलं. ‘आठ दिवस. मी लपवली.’

आता भांडण पेटणार, म्हणून मी उभी राहिले. माझीही तयारी होती. त्यांनी स्प्रिंग उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे माझ्या हातून नाही हरवली?’

‘नाही हो.’

‘नक्की?’

‘नक्की!’ मी ओरडलेच. मला रडूच फुटलं. ते उठून गोणपाट सोडायला लागलेसुद्धा.

तासाभरात रहाट जोडून झाला. दांडा मागेपुढे केला की खट्‌खट्‌ आवाज येई आणि खिट्टी दात्यात घट्ट बसे. त्यांनी मित्राला फोन करून गिऱ्हाईक नको म्हणून सांगितलं. मी म्हटलं, ‘आता मीही येणार. एकटं सोडायची नाही तुम्हाला.’ सवतीच्या घरी पहिल्यांदाच निघाले होते. एसटीत मला घाटात उलट्या झाल्या, हेही इथे नोंदवून ठेवते.

खाडीत वारा बेताचा होता. रहाट जागेवर बसवून झाल्यावर ते मागे सुकाणूपाशी बसले आणि मला पुढे दांड्यापाशी बसवलं. मी दांड्याला हात लावला, पण ओढवेना. स्प्रिंग परत दिल्यापासून ते हसतखेळत होते, त्या विषयावर अवाक्षर नव्हतं. मला ते सहन होईना.

‘अहो, एकदा रागवा तरी माझ्यावर,’ मी म्हटलं. ‘राग कसा आला नाही तुम्हाला?’

‘आला होता की,’ ते म्हणाले. ‘आठ दिवस नुसता जळत होतो. स्वतःवर.’

मग सुकाणू हातात घेत म्हणाले, ‘ओढ आता.’

मी ओढायला लागले.