खलीजीवाले खलीलभाई

रेवदंड्यात खलील नावाची पाचसात माणसं तरी निघतील. पण ‘खलीजीवाले’ म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही न विचारता थेट खलीलभाईंच्या पडवीसमोर आणून सोडतो. हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलंय. आपलं हसं दुसऱ्यानं करण्याआधी आपणच करून मोकळं व्हावं, असं त्यांचं मत, आणि या बाबतीत त्यांनी गावाला कधी संधी म्हणून दिली नाही.

त्या दिवशी दुपारी मात्र त्यांना या नावामागचा आपला किस्सा कामाला जुंपायचा होता. मुलगी निदा हिचा निकाह नागावच्या रेहानशी ठरला होता. रेहान अलिबागेत दुकानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचा. त्याला दोह्याहून बोलावणं आलं होतं: एका कंपनीची सगळी हिशेबपद्धत बदलायची, काम दोन वर्षांचं, बायकोला नेता येणार नाही. निकाहानंतर पंधरा दिवसांत निघायचं. करार दाखवायला तो येणार होता.

“तुमीच थांबवा त्याला, अब्बा,” निदा सकाळी म्हणाली होती. “मी सांगून थांबला तर जन्मभर म्हनेल, तुझ्यामुळं राहिलो.”

खलीलभाईंनी तिला निश्चिंत राहायला सांगितलं. आपली गोष्ट ऐकली की गडी विमानाकडे मान वर करून बघणारही नाही, असा त्यांचा अंदाज होता.

रेहान आला, चहा आला, आणि गोष्ट सुरू झाली. बहारीनमध्ये नळ-पाइपांच्या एका व्यापाऱ्याकडे खलीलभाई हिशेबनीस होते. मालकाची दुकानं तीन देशांत: बहारीन, सौदी आणि कतार. चलनंही तीन. त्यात दिनाराला दशांशानंतर तीन आकडे, रियालांना दोन. महिनाअखेरीला हे सगळं जुळवता जुळवता आपले केस गेले, असं खलीलभाई सांगतात. त्यांच्या बायकोच्या, जहुराच्या मते ते निकाहाच्या वेळीच निम्मे गेलेले होते.

मग दोन हजार तीनच्या सुमाराला बातमी पसरली, की आखातातले देश मिळून एकच चलन काढणार, दोन हजार दहापर्यंत. नाव ठरलं नव्हतं, पण लोक त्याला ‘खलीजी’ म्हणू लागले. खलीज म्हणजे आखात. खलीलला खलीजी म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? अल्लानं हे आपल्याचसाठी योजलंय, अशी त्यांची खात्री पटली. पुस्तकं आणून ते प्रोग्राम लिहायला शिकले आणि मालकाचं सगळं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यांनी नव्या चलनासाठी उलटंपालटं केलं. बिलं, माल, पगार, सगळीकडे खलीजीचा रकाना. दर कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून तात्पुरता एक घातला. म्हणजे एक दिनार म्हणजे एक खलीजी, आणि एक रियाल म्हणजेही एकच खलीजी. खरं तर एका दिनारात दहा रियाल येतात. आणि कळस म्हणजे त्यांनी आत तारीख घालून ठेवली: एक जानेवारी दोन हजार दहा उजाडली की संगणकानं कुणाला न विचारता जुनी चलनं बंद करावीत आणि नवं सुरू करावं. बाजारात तुरी म्हणतात, ती ही.

पुढे ओमान बाजूला झालं, मग अमिराती, मग तारीखच लांबली. सगळ्या आखाताला कळलं. “फक्त माझ्या प्रोग्रामला कुनी सांगितलं न्हाय,” खलीलभाई नेहमीच्या जागी थांबून म्हणाले.

दोन जानेवारीला कचेरी उघडली आणि दुपारपर्यंत त्रेचाळीस बिलं तीन देशांत रवाना झाली, जन्मालाच न आलेल्या पैशांत. सौदीतल्या एका गिऱ्हाइकानं फोन केला: “मियाँ, पैसे द्यायला मी तयार आहे, फक्त ते कुठल्या बँकेत मिळतात तेवढं सांगा.” मालकानं शिक्षा म्हणून काय केलं? या महिन्याचा पगार तुला खलीजीतच देतो, म्हणाला.

रेहानला हसता हसता ठसका लागला. डोळे पुसून तो म्हणाला, “चाचा, एवढा घोटाळा करून पन मालकानं ठेवलं तुमाला. काय मजा केलीत तुमी. मी तर जातोच.”

खलीलभाईंचा चेहरा पडला. सांगून सांगून गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात टोचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दारात निदा उभी होती. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

जहुरा कोपऱ्यात सुपात जवळा निवडत बसली होती. बँकेच्या वाक्याला ती दर वेळी न चुकता हसते. आज हसली नव्हती.

“मला तरी कुनी सांगितलं?” ती म्हणाली.

मग तिनंच रेहानला सांगितलं. एक तारखेला नवा पैसा चालू होणार, माझं काम संपणार आणि त्यानंतर आठवड्यात मी कायमचा घरी, असं हे फोनवर वर्षभर सांगत होते. तिनं घराला रंग काढला, निदानं सगळ्या वर्गाला सांगितलं. चलन येत नाही हे त्यांना आधीच कळलं होतं, तरी दर शुक्रवारी फोन करून ते इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिले. तीन तारखेला फोन आला तो हा किस्सा सांगायला.

“मी हसले,” जहुरा म्हणाली. “निदा माझ्या तोंडाकडं बघत होती, म्हनून हसले. तवापासून हसतेच हाय.”

खलीलभाई ती तारीख काढून टाकायला विसरले नव्हते. प्रोग्राममधली तारीख पुसायची तर ‘येत नाही’ असं घरीही फोन करून सांगावं लागलं असतं, आणि ती हिंमत त्यांना झाली नव्हती. पंधरा वर्षं त्यांनी त्याला विसराळूपणा म्हणून खपवलं होतं. आता त्यांना लाज वाटली, अगदी सरळ लाज.

“मग तुमी घरी कधी आलात?” रेहाननं हळूच विचारलं.

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. गोष्ट पगारापाशीच संपायची.

“सतरा साली,” खलीलभाई म्हणाले. “निदा सोळाची झाली होती.” यापुढे काहीतरी गमतीचं जोडावं असं त्यांच्या मनात आलं, पण जोडता आलं नाही.

रेहाननं कराराचा कागद गुडघ्यावर पालथा ठेवला आणि दाराकडे वळून विचारलं, “निदा, तुला काय वाटतं?”

“नको जाऊस,” निदा म्हणाली.

बहारीनमध्ये एकवीस वर्षं काढली, पण हा प्रश्न खलीलभाईंनी जहुराला एकदाही विचारला नव्हता. उत्तर दोनच शब्दांचं होतं.