दहावी कुठून झाली?

बंगळुरूला निघालो त्या सकाळी हडपसरला आमच्या दारात टेम्पो उभा होता आणि माझे वडील, अण्णा, सामानाच्या दोऱ्या ओढून बघत होते. माझ्या मुलीची, सईची, नुकतीच आठवी संपली होती. "दोन वर्षांचं तर हाय," अण्णा म्हणाले. "जा. घर कुठं पळून चाललंय?" कंपनीने पाठवलं होतं, काम चांगलं होतं, आणि शाळा काय, सगळीकडे असतेच, असं आम्हाला वाटलं. नोकरीपायी बाहेर पडलेल्या माझ्या मित्रांनो, तुम्हालाही तसंच वाटलं असणार.

तिथे सई कन्नडमधून भाजीवालीशी घासाघीस करायला शिकली, दहावी झाली, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही परतलो. मी खराडीच्या ऑफिसात, ती इथल्याच ज्युनिअर कॉलेजात. नीटचे मार्क बघून आम्ही पुण्यातलं सरकारी मेडिकल पक्कं धरलं. मग कळलं, राज्याच्या कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. नुसतं डोमिसाइल चालत नाही. सरकारी नोकरीतल्या बदलीला सवलत आहे. आमची बदली खासगी, म्हणजे बहुधा हौसेची. उरल्या देशभरासाठी ठेवलेल्या मोजक्या जागा, आणि त्यातून पुणे मिळायला तिचे मार्क जरासे कमी पडत होते. कर्नाटकातही थारा नाही, कारण तिथे दोनाहून बरीच जास्त वर्षं शिकलेलं असायला हवं होतं.

अण्णांना हे पटेना. वारसनोंदीला पंच नेतात तसे त्यांनी आळीतले दोन म्हातारे, धुवट टोप्या घालून, प्रवेशाच्या कागद तपासणीच्या खिडकीवर आणून उभे केले. "ही पोरगी हितलीच हाय," ते म्हणाले. "हिच्या पणज्याला वळखणारी माणसं आणलीत, इचारा त्यांना."

आतल्या बाईंनी मान वर केली नाही. "आजोबा, आपण कुठले ते मी विचारलेलंच नाही. दहावी कुठून झाली, तेवढं सांगा."

दोघे पंच बाकावर जाऊन बसले. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या शेतांतून रस्ते गेले, वर सोसायट्या उठल्या, तेव्हा आम्ही इथलेच आहोत हे सगळ्यांना बरोबर माहीत होतं. मुलीला शिकायचं म्हटल्यावर आम्ही परराज्यातले झालो. मला नियम समजतो, तो कशासाठी केला तेही समजतं. पण म्हणून राग कमी होत नाही.

सई आता ओडिशातल्या सरकारी कॉलेजात आहे. कॉलेज चांगलं आहे, मुली मायाळू आहेत, भात तेवढा फार होतो म्हणते. परवा फोनवर विचारलं, दिवाळीला घरी कधी येतेस?

"पुण्याला ना? बघते, पप्पा."

अण्णा शेजारीच बसले होते. काय म्हणाली पोरगी, असं त्यांनी विचारलं. घरी येते म्हणाली, असं मी सांगितलं.