गादीवाल्यांचा गोलकीपर

माझा धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो, आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. देशातल्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये नाही, दुसऱ्या दर्जाच्या. त्या लीगचे सामने भर दुपारी असतात, स्टेडियममध्ये माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त दिसतात, आणि आम्हाला ते मोबाइलवरच बघावे लागतात. चेंडू हवेत असतानाच नेमकं चित्र अडकतं. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण ब्रह्मपुरीत दुसरं कोणी सांगत नाही. इथे सगळे म्हणतात, "गादीवाल्याचा पोट्टा इंडियाकडून खेळून राह्यला." मी दुकानातून ओरडून सुधारते, "दुसऱ्या लीगमध्ये!" त्यातला 'दुसऱ्या' जरा जोरात म्हणते. तेवढंच बरं वाटतं.

मला त्याचा हेवा वाटतो. सख्ख्या भावाचा? हो, सख्ख्याचाच. परक्यांचा हेवा करत बसायला मला सवड कुठे आहे? त्याचा खेळाचा मोसम आणि आमचा रजयांचा मोसम एकच. थंडी पडली की तो कधी पंजाबात असतो, कधी ईशान्येच्या डोंगरात, आणि मी बस स्टँडच्या रस्त्यावरच्या अब्बांच्या दुकानात नाकाला रुमाल बांधून रुई पिंजत असते. अब्बांना धाप लागायला लागल्यापासून दुकान मीच चालवते. नवरा कुरखेड्याच्या लाइनीवर काळी-पिवळी जीप चालवतो, त्यामुळे दिवसभर दुकानात मी, मशीन आणि केसांत, भुवयांत, चहाच्या कपात शिरणारी रुई.

आमचं फुटबॉल सुरू झालं ते याच दुकानाच्या मागच्या खोलीत. पिंजलेल्या रुईचा कमरेइतका ढीग तिथे असायचा. त्याला पाय लावायची सक्त मनाई होती, कारण दबलेल्या रुईची गादी फुगत नाही. पण जुम्म्याच्या नमाजाला अब्बा गेले की खोली आमची. दाराच्या चौकटीपासून कोनाड्यापर्यंतची भिंत म्हणजे गोल. चेंडू खोळींच्या चिंध्यांचा. गोलमध्ये उभं राहिलं की उजव्या हाताला रुईचा ढीग यायचा आणि डाव्या हाताला उघडी फरशी.

भाऊ फक्त उजवीकडे झेपावायचा. धपकन रुईत पडायचा, आणि पांढऱ्या केसांचा म्हातारा होऊन हसत बाहेर यायचा. मी मुद्दाम डावीकडे मारला की नुसता पाय लांब करून बघत राहायचा. माझी पाळी आली की तो लबाड सगळे चेंडू डावीकडेच मारायचा. मी त्या फरशीवर पडायची. फरशीवर कोपर एकदा आपटलं की दुसऱ्यांदा कोणी कोपरावर पडत नाही. आधी तळवा, मग हात, मग कूस, अशी पडायची रीत मला कोणी शिकवली नाही, ती येऊन गेली. घरात आम्ही हिंदी बोलायचो, पण आम्हा दोघांची भांडणं कायम मोहल्ल्यातल्या झाडी बोलीत व्हायची, आणि ती सगळी डाव्या बाजूवरून व्हायची.

पुढे राइस मिलच्या मागच्या मैदानात पोरांच्या टोळ्या पडायच्या, तेव्हा गोलकीपर म्हणून आधी मला मागायचे, मग त्याला. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, आज जे चार जण दुकानात येऊन भावाचं कौतुक करतात त्यांनीच तेव्हा माझ्यासाठी मारामाऱ्या केल्या आहेत. त्यांना आता आठवत नाही. मी आठवण करून दिली तर "हो का बाई?" म्हणतात आणि उशीचा भाव विचारतात.

एकदा कॉलेजचे खेळाचे सर मैदानाच्या कडेला उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "ही पोरगी तर भारी हाये." मला विचारलं, आणखी किती मुली खेळतात? मी मोहल्ला डोळ्यांसमोर आणला, शाळा आणली. संघाला अकरा लागतात, मी एकटी होते. सर थोडे ओशाळले, आणि भावाला म्हणाले, उद्यापासून कॉलेजच्या ग्राउंडवर ये.

मला कोणी अडवलं नाही. अम्मीने नाही, अब्बांनी तर मुळीच नाही. अडवलं असतं तर भांडता आलं असतं, दोन दिवस जेवण सोडता आलं असतं. इथे कोणाचाच दोष नव्हता, त्यामुळे राग काढायला माणूसच मिळेना. मग तो भावावर निघत राहिला. तो नागपूरला गेला, तिथून कुठल्याशा क्लबच्या चाचणीला गेला, निवडला गेला. तो हातमोजे घातलेले फोटो पाठवायचा आणि मी ते बोटाने मोठे करून बघायची. पहिली कितीतरी वर्षं तो राखीव होता, नुसता बाकावर बसायचा. मला त्या बाकाचाही हेवा वाटायचा. बाकावरून मैदान किती जवळ दिसत असेल!

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुख्य गोलकीपरचा गुडघा गेला आणि भावाला उभं केलं. दुकानात मोबाइल रजयांच्या थप्पीला टेकवून ठेवला होता. अब्बा खुर्चीवर, शेजारचे पानवाले भाऊ, दोन-तीन गिऱ्हाइकं, आणि मी गादीला टाके घालत उभी. पहिला सामना बरा गेला. दुसऱ्यात दोन गोल खाल्ले, दोन्ही डावीकडून. तिसऱ्यात तीन, तिन्ही डावीकडून. पानवाले भाऊ बचाव करणाऱ्या पोरांना शिव्या देत होते. अब्बा त्यांना म्हणाले, "नशीब नाई देऊन राह्यलं साथ." मी टाके घालत राहिले. मला पहिल्या सामन्यातच दिसलं होतं.

तो गोलच्या बरोबर मधोमध उभाच राहत नव्हता. एक पाऊल डावीकडे सरकून राहायचा. म्हणजे उजवी बाजू मोकळी दिसायची, समोरचा तिकडे मारायचा, आणि हा लांब हातांचा गडी उजवीकडे उडी घेऊन चेंडू काढायचा. टाळ्या! इतकी वर्षं त्याचं असंच निभावलं होतं. पण दुसऱ्या दर्जाची असली तरी ती लीग आहे. तिथल्या पोट्ट्यांना एकाच सामन्यात कळलं की हा डावीकडे पडतच नाही. मग ते त्या बाजूला जमिनीलगत कोपऱ्यात मारायला लागले.

चौथ्या सामन्याच्या आधी सकाळी त्याचा फोन आला. मी नुकतं मशीन चालू केलं होतं, ते बंद केलं.

"आपा, मॅच पाह्यली का?"

"गिऱ्हाईक होतं."

"खोटं नको बोलू. सांग ना, काय चुकून राह्यलं माह्यं? कोच रोज डावीकडची प्रॅक्टिस घेऊन राह्यला, तरी नाई होत. ह्या मॅचमध्ये गोल खाल्ले तर ते दुसरा गोलकीपर आणणार हायेत. मंग माह्यं संपलंच."

मनापासून सांगते, मला सांगायचं नव्हतं. त्याच्याकडे सगळं होतं, हे एक फक्त माझ्याकडे होतं. आणि तो परत आला असता तर काय बिघडलं असतं? बसला असता दुकानात, पिंजली असती रुई. मला तर ते चित्र चांगलंच वाटलं. मी म्हणणार होते, "मले काय समजते त्यातलं?" तेवढ्यात तो म्हणाला, "बाकी उजवीकडून एक तरी गेला का, सांग!"

असा फुशारकीने म्हणाला, की माझं डोकं फिरलं.

"उजवीकडं रुई होती रे!" मी ओरडले. "डावीकडं फरशी होती. तीस वर्षांचा घोडा झाला, अजून फरशीले भेऊन राह्यला!"

मग मी थांबलेच नाही. ते एक पाऊल सोड म्हटलं, मधात उभा राह्य. कोपर पुढे टाकतो म्हणून भीती वाटते, आधी तळवा टाक, मग हात, मग कूस. जमीन तुले खात नाई. सगळं सांगितलं, शिव्या देत देत सांगितलं. चांगुलपणाने नाही, त्याची जिरवायच्या नादात माझ्याकडचं होतं नव्हतं ते देऊन बसले. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

त्या सामन्यात त्याने डावीकडे झेप घेऊन एक चेंडू काढला. बोटांच्या टोकांनी, जमिनीलगत, खांबाजवळून. तो उडाला तेव्हा माझाही डावा हात पुढे गेला आणि उजव्या हातातलं दाभण त्यात घुसलं. दुकानात आरडाओरडा झाला. सामना संपल्यावर कोणीतरी त्याच्यासमोर माइक धरला, तर तो दात काढून हिंदीत म्हणाला, हे माझ्या आपाने शिकवलं, फोनवर, शिव्या घालून.

झालं! दोन दिवस दुकानात रीघ. "बाई, तुम्ही तर कोच निघाल्या!" पानवाल्या भाऊंनी पेढे वाटले. अब्बा माझ्याकडे असे बघत होते, जणू आता तरी हिचं मन भरलं असेल. उलट मी आतून पेटले होते. तोपर्यंत मला म्हणता यायचं की जगाला माहीत नाही. आता जगाला सांगून झालं होतं, आणि तिसऱ्या दिवशी लग्नाच्या आठ गाद्या शिवायला आल्या. नाव घेतलं गेलं, पण जागा त्याची ती त्याचीच राहिली. मला नाव नको होतं.

त्याचा करार पुढे वाढला. मोसम संपल्यावर तो घरी आला, माझ्यासाठी शाल घेऊन. मी शाल बाजूला ठेवली आणि म्हटलं, "उद्या सकाळी ग्राउंडवर चाल. मी गोलमध्ये उभी, तू मार."

"काऊन?"

"चाल म्हटलं तर चाल."

का ते मला पक्कं माहीत होतं. मला हरायचं होतं. इतकी वर्षं मी मनात धरून बसले होते की त्याच्यापेक्षा मी चांगली होते. ते खोटं आहे हे एकदा माझ्याच डोळ्यांनी बघितलं की सुटले असते. त्याच्या यशाचे पेढे मलाही गोड लागले असते. तो रोज सराव करणारा, मी पस्तिशीतली बाई, जिना चढताना गुडघे वाजतात. हे काही अवघड काम नव्हतं.

सकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर फिरायला येणारी चार-सहा माणसं होती. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली, त्याचे जादाचे हातमोजे घातले. त्याने पेनल्टीच्या खुणेवर चेंडू ठेवला आणि पहिला असा मारला की शाळेतल्या पोरीने उचलावा. मी तो त्याच्या अंगावर फेकला. "लाड करून राह्यला का माहे? नीट मार!"

मग त्याने नीट मारला. गोलकीपरची लाथ ती, अर्ध्या मैदानापार जाणारी. मी हलायच्या आत चेंडू जाळीत होता. त्याच्या पुढचाही तसाच. त्याच्या पुढच्याला मी उडी घेतली, पण चेंडू गेल्यावर. आणि खरंच सांगते, मला हलकं वाटायला लागलं. छातीवरचं काहीतरी कोणी उचलून नेत होतं. मनात म्हटलं, घरी जाऊ, चहा टाकू, अब्बांना सांगू की तुमचा पोरगा लय मोठा खेळाडू आहे, आणि ते मनापासून सांगू. मी एक मोजा काढायलाही घेतला.

"एक आखरी, आपा," तो म्हणाला. "पुरा जोर लावून मारतो."

मी मोजा परत चढवला. तो धावत आला. मी काही ठरवलं नव्हतं. त्याची कंबर वळताना दिसली आणि माझं अंग डावीकडे गेलं होतं, माझ्याही आधी. तळवा, हात, कूस. चेंडू दोन्ही हातांत येऊन बसला. निसटला नाही, उडाला नाही. मी तो पोटाशी धरून गवतावर पडून राहिले. फिरायला आलेले काका टाळ्या वाजवत होते.

भाऊ धावत आला. त्याचा चेहरा असा फुलला होता की त्यात माझ्याबद्दल कसलाही हेवा नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

"आपा! हा तर आमच्या टीममध्ये कोणीच नाई पकडत! मी पण नाई!"

मी उठले नाही. आत्तापर्यंत नुसता संशय होता. संशयाशी माणसाला जमवून घेता येतं, कामाच्या गडबडीत विसरताही येतं. आता मला माहीत होतं.

"हा गोलमध्ये जाले पाह्यजे होता बे," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. तो हसला, आणि चेंडू घ्यायला त्याने हात पुढे केला. मी दिला नाही.